सात-सातच्या रांगा

माणसं आकडे शिकली त्याच्या कितीतरी आधी, एका माळावर मुंग्यांचं मोठं वारूळ होतं. तिथली शिस्त अशी की चालायचं ते सारख्या रांगांतच. एखादी रांग अपुरी दिसली, तर तो राणीचा अपमान.

एकदा ओढ्याचं पाणी वारुळात शिरू लागलं. चिमा मुंगीने सगळ्यांना मोजलं. एक लाख तीन जणी होत्या. दोन-दोनच्या रांगा केल्या, एक उरली. चार-चारच्या केल्या, तर तीन उरल्या. सात-सातच्या केल्या, पुन्हा एक उरली: सगळ्यांच्या मागे असलेली लंगडी बयोआत्या.

"राणीसाहेब, ही मूळ संख्या आहे," चिमा म्हणाली. "कशाही वाटा, कुणीतरी उरणारच. एकामागे एक जाऊ, म्हणजे सगळ्या येतील."

"एकेरी ओळ? ती उकिरड्यावरच्या मुंग्यांची रीत! एकीसाठी लाखाची शिस्त मोडू?"

"जा गं पोरी," बयोआत्या म्हणाली. "पाणी आलं."

चिमा गेली.

वाटेत बैलाच्या खुराखाली एक मुंगी चिरडली. राणीने रांगा पुन्हा लावायला सांगितल्या. या वेळी सहा उरल्या, आणि बयोआत्या मागे राहिल्यावर शेवटची जागा मोजणारीची, म्हणून सहावी चिमाच होती. तिने परत मोजलं. हिशेब बरोबर होता. बाकीच्या रांगा निघून गेल्या.

"चिमाताई," मागे राहिलेल्यांतली एक उत्साहाने म्हणाली, "आपण सहा! तीन-तीनच्या दोन रांगा होतात बघ, कुणीच उरत नाही."

पाचही जणी रांगेत उभ्या राहिल्या आणि चिमाची जागा मोकळी ठेवून तिची वाट पाहू लागल्या.