टिचकीचं डबकं आणि बिनतोटीचं पिंप

एक होती बेडकी. तिचं नाव टिचकी. केवढी होती? चिंचोक्याएवढी!

टिचकी राहायची गजूकाकांच्या अंगणात, पन्हळीच्या तोंडाखाली. पाऊस आला की कौलांवरचं पाणी पन्हळीत यायचं. पन्हळीतून खाली पडायचं, धो धो धो. तिथे झालं होतं एक डबकं. ताटलीएवढं. ते टिचकीचं डबकं.

टिचकी रोज सकाळी डबक्यात डुंबायची. डुबुक डुबुक! मग गाणं म्हणायची. डरांव डरांव! डुंबल्याशिवाय तिला गाणंच यायचं नाही.

एकदा टिचकी आत्याकडे गेली. विहिरीपलीकडे. चार दिवस राहिली, गप्पा मारल्या, माश्या खाल्ल्या. परत येऊन बघते तर काय! डबकं गायब! डबक्याच्या जागी एक भलंमोठं निळं पिंप.

हा सगळा गजूकाकांचा उद्योग. पावसाचं पाणी साठवायचं आणि बागेला घालायचं, असं त्यांनी ठरवलं. पिंप आणलं. चार विटांवर चढवलं. पन्हळीखाली ठेवलं. आत पाला पडू नये, डास होऊ नयेत, म्हणून तोंडावर आपला जुना पंचा बांधला. गाठ अशी मारली, अशी मारली, की खुद्द काकांनाही सुटेना. पाऊस आला, पिंप गच्च भरलं. काका मिशीला पीळ देऊन म्हणाले, "आजपासून बागेला पिंपाचंच पाणी!"

सगळं केलं हो काकांनी. फक्त तोटी बसवायची राहिली.

मग पावसाने चार दिवस उघडीप दिली. ऊन पडलं. टिचकीचं अंग सुकलं. गाणं म्हणायला गेली, तर आवाज आला, "डर्र...". नुसताच "डर्र...". टिचकी घाबरली.

निघाली टिचकी. टुणुक टुणुक, टुणुक टुणुक. गेली पिंपाकडे.

"पिंपबुवा, पिंपबुवा, पाणी द्या!
पाणी येईल, डबकं भरेल.
डबकं भरेल, टिचकी डुंबेल.
डुबुक डुबुक डुंबेल!"

पिंप बोललं, "डब डब डब. देईन गं. पण देऊ कुठून? तोटी बसेल, तर पाणी देईन."

निघाली टिचकी. टुणुक टुणुक, टुणुक टुणुक. गेली तोटीकडे. तोटी होती बिस्किटाच्या जुन्या डब्यात, खिळ्यांच्या शेजारी.

"तोटीताई, तोटीताई, पिंपाला बस!
तोटी बसेल, पाणी येईल.
पाणी येईल, डबकं भरेल.
डबकं भरेल, टिचकी डुंबेल.
डुबुक डुबुक डुंबेल!"

तोटीने नाक मुरडलं. "बसू कुठे? पिंपाला भोकच नाही! मी काय हवेत बसू? गिरमिट फिरेल, तर बसेन."

निघाली टिचकी. टुणुक टुणुक, टुणुक टुणुक. गेली गिरमिटाकडे. भोकं पाडणारं गिरमिट खुंटीला उलटं टांगलेलं. ते घोरत होतं, कुर्र कुर्र.

"गिरमिटदादा, गिरमिटदादा, भोक पाड!
गिरमिट फिरेल, तोटी बसेल.
तोटी बसेल, पाणी येईल.
पाणी येईल, डबकं भरेल.
डबकं भरेल, टिचकी डुंबेल.
डुबुक डुबुक डुंबेल!"

गिरमिटाने जांभई दिली. "माझा मी कसा फिरू? मला फिरवायला हात लागतात. काका उठतील, तर फिरेन."

निघाली टिचकी. टुणुक टुणुक, टुणुक टुणुक. गेली काकांकडे. काका पडवीत, आरामखुर्चीत. टिचकी चढली त्यांच्या पोटावर. पोट वर, टिचकी वर. पोट खाली, टिचकी खाली.

"गजूकाका, गजूकाका, उठा ना!
काका उठतील, गिरमिट फिरेल.
गिरमिट फिरेल, तोटी बसेल.
तोटी बसेल, पाणी येईल.
पाणी येईल, डबकं भरेल.
डबकं भरेल, टिचकी डुंबेल.
डुबुक डुबुक डुंबेल!"

काकांनी एक डोळा उघडला. "उठणार तर! पण चहाशिवाय मी उठत नसतो. आजवर कधी उठलो नाही. चहा होईल, तर उठेन." आणि डोळा मिटला.

निघाली टिचकी. टुणुक टुणुक, टुणुक टुणुक. गेली कुमुदकाकूंकडे. काकू स्वयंपाकघरात शेंगा सोलत होत्या.

"कुमुदकाकू, कुमुदकाकू, चहा करा ना!
चहा होईल, काका उठतील.
काका उठतील, गिरमिट फिरेल.
गिरमिट फिरेल, तोटी बसेल.
तोटी बसेल, पाणी येईल.
पाणी येईल, डबकं भरेल.
डबकं भरेल, टिचकी डुंबेल.
डुबुक डुबुक डुंबेल!"

काकू म्हणाल्या, "करते की, बाळ. आधण ठेवलंय. दूध आहे, साखर आहे. पण गवती चहाची पात कुठाय? पात नसली की तुझे काका म्हणतात, 'हा काय चहा? हे तर गरम पाणी!' पात मिळेल, तर चहा होईल."

निघाली टिचकी. टुणुक टुणुक, टुणुक टुणुक. आता जरा हळू. दमली ना बिचारी! गेली गवती चहाकडे. गवती चहाची कुंडी पिंपाच्या अगदी शेजारीच होती.

"गवतीमावशी, गवतीमावशी, पात दे!
पात मिळेल, चहा होईल.
चहा होईल, काका उठतील.
काका उठतील, गिरमिट फिरेल.
गिरमिट फिरेल, तोटी बसेल.
तोटी बसेल, पाणी येईल.
पाणी येईल, डबकं भरेल.
डबकं भरेल, टिचकी डुंबेल.
डुबुक डुबुक डुंबेल!"

गवतीमावशी म्हणाली, "अगं, बघ तरी माझ्याकडे! सगळ्या पातींनी माना टाकल्यात. चार दिवस थेंब नाही. काका म्हणाले ना, बागेला पिंपाचंच पाणी? मग? पाणी येईल, तर पात देईन."

आता आली का पंचाईत!

टिचकी पुटपुटली, "पाणी येईल, पात मिळेल. पात मिळेल, चहा होईल. चहा होईल, काका उठतील. काका उठतील, गिरमिट फिरेल. गिरमिट फिरेल, तोटी बसेल. तोटी बसेल, पाणी येईल. पाणी येईल, पात मिळेल. पात मिळेल, चहा... अगं बाई! मी परत तिथेच आले!"

टिचकीचं डोकं गरगरलं. ती मटकन खाली बसली. तिला रडू आलं. खूप खूप रडू आलं. पण अंग इतकं सुकलेलं, की डोळ्यांतून टिपूससुद्धा येईना.

मग टिचकीला आला राग. चिंचोक्याएवढ्या बेडकीला केवढा राग आला? भोपळ्याएवढा!

टुणुक! विटेवर. टुणुक! कुंडीवर. टुणुक! खिडकीवर. टुणुक! थेट पिंपावर. पिंपावर पंचा ताणलेला, ढोलकीसारखा.

"द्या माझं पाणी!" धप्प!
"द्या माझं पाणी!" धप्प!
"द्या, द्या, द्या माझं पाणी!" धप्प, धप्प, धप्प!

पिंप कधी हसलं नव्हतं. आज हसलं. "डब डब डब! अगं, नको! डब डब डब! गुदगुल्या होतात! मी हसेन! मी सांडेन!"

आणि सांडलंच की! पिंप डुललं. पंच्यातून पाणी उसळलं. चुबुक! गवती चहाच्या डोक्यावर.

गवती चहाने मान वर केली. सळसळ सळसळ! "घे गं टिचके. एक नाही, दोन पाती घे!"

पात गेली काकूंकडे. चहा उकळला, खळ खळ खळ. कपात ओतला. काकांनी फुंकर मारली. फू फू. भुर्र, भुर्र, भुर्र! सगळा चहा पोटात.

आणि काय सांगू! काका उठले!

काकांनी बाह्या सरसावल्या. गिरमिट घेतलं. पिंपाला लावलं, अगदी खाली.

काकू ओरडल्या, "अहो, थांबा! पिंप भरलेलं आहे!"

"ठाऊक आहे मला!" काका म्हणाले. गर्र गर्र, गर्र गर्र. गिरमिट फिरलं. भोक पडलं. काकांनी गिरमिट बाहेर काढलं.

चुर्रर्रर्र!

पाणी थेट काकांच्या तोंडावर! चष्मा ओला, सदरा ओला, पीळ दिलेली मिशी खाली लोंबायला लागली. काकांनी घाईघाईने भोकात अंगठा घातला. आता अंगठा काढला की पाणी, आणि अंगठा ठेवला की तोटी बसेना!

"अगं, तोटी आण! लवकर! डब्यात आहे! मी असाच उभा राहू का दिवाळीपर्यंत?"

काकूंना हसू आवरेना. हसत हसतच त्या आत गेल्या आणि तोटी घेऊन आल्या. काकांनी अंगठा काढला. चुर्रर्र! तोटी घुसवली. चप्प! बसली एकदाची तोटी.

पाणी थांबलं. सगळं नाही. तोटीतून पडला एक थेंब. टप. मग दुसरा. टप. मग तिसरा. टप.

"गळतेय!" काका म्हणाले. "आत रबराची चकती घालायची राहिली. काढतो तोटी. परत बसवतो."

एवढ्यात पिंपाखालून आवाज आला.

डुबुक डुबुक!

काकूंनी वाकून बघितलं. विटांच्या पुढे एक डबकं झालं होतं. ताटलीएवढं! आणि डबक्यात कोण? टिचकी! पोट वर करून, डोळे मिटून, डुबुक डुबुक डुंबत होती.

काकू म्हणाल्या, "राहू द्या हो. गळू दे. पिंप आपलं, थेंब तिचा."

काकांनी मिशी पिळली. तिच्यातूनही पाणी गळलं. टप. तेही डबक्यात.

थेंब पडला, पात मिळाली.
पात मिळाली, चहा झाला.
चहा झाला, काका उठले.
काका उठले, गिरमिट फिरलं.
गिरमिट फिरलं, तोटी बसली.
तोटी बसली, पाणी आलं.
पाणी आलं, डबकं भरलं.
डबकं भरलं, टिचकी डुंबली.
डुबुक डुबुक डुंबली!

आणि मग टिचकी गाणं म्हणाली. "डर्र..." नाही काही! चांगलं मोकळ्या गळ्याने, सगळ्या अंगणाला ऐकू जाईल असं!

डरांव डरांव! डरांव डरांव!

आणि ती रबराची चकती? ती अजून बिस्किटाच्या डब्यातच आहे. काकांना सांगू नका हं!