मागच्या चाकाची घरघर

“दोनदा बेअरिंग बदललं, तरी घरघर जात नाही. असं का?”

कॉलेजात ऑटोमोबाइल शिकवणारे हेमंत बिडकर दस्तगीर मिस्त्रींना विचारत होते. व्हॅन वीस वर्षांची. आठवड्यातून दोनदा बिडकर तिच्यातून गावातल्या चौघांना डायलिसिससाठी मिरजेला नेत. उद्या सकाळी पुन्हा जायचं होतं.

मिस्त्री त्यांच्या ओठांकडे बघत होते. पन्नास वर्षं पत्रा ठोकून कान गेले होते.

“कुठलं चाक?”

“मागचं डावं. मी स्वतः ऐकलंय.”

“मी नाही ऐकलं,” मिस्त्री शांतपणे म्हणाले.

बिडकर हसले. आपण कुणाकडे येऊन बसलो, असं त्यांच्या मनात आलं.

मिस्त्रींनी गाडीची मागची बाजू जॅकवर घेतली. एक हात चाकाजवळच्या स्प्रिंगवर ठेवला, दुसऱ्यानं डावं चाक फिरवलं. डोळे मिटले. मग उजवीकडे गेले. तिथं जरा जास्त वेळ थांबले…

“हे.”

“शक्यच नाही. आवाज डावीकडनं येतो.”

मिस्त्रींनी वाद घातला नाही. बिडकरांचा हात धरून स्प्रिंगवर ठेवला आणि उजवं चाक फिरवलं.

“हाताला काही लागत नाही,” बिडकर म्हणाले.

मिस्त्री चाक फिरवत राहिले.

“नाही लागत, चाचा.”

चाक फिरतच होतं…

बिडकर बोलायचे थांबले. आणि मग लागलं. बोटांच्या टोकाशी बारीक खरखर, चिमटीत रवा चोळावा तशी.

बेअरिंग खोललं. आतल्या गोळ्यांवर खड्डे पडले होते, एक तर मधोमध तडकली होती. बिडकरांना मागच्या सीटवर बसणारी चार माणसं आठवली. ते तिथंच, चाकाशेजारी खाली बसले.

मिस्त्रींनी नवं बेअरिंग दाबून बसवलं, चाक चढवलं, नट आवळले.

“चाचा, मला शिकवाल?”

मिस्त्रींची पाठ त्यांच्याकडे होती. बिडकर उठून त्यांच्यासमोर गेले आणि पुन्हा तेच विचारलं. या वेळी आवाज खाली आला होता.

मिस्त्रींनी त्यांचा हात धरला, पुन्हा त्या स्प्रिंगवर ठेवला आणि चाक फिरवलं.

“काय लागलं?”

“काहीच नाही.”

मिस्त्रींनी चाकाला आणखी एक फेरा दिला.

“बेटा, चांगलं चाक असं लागतं. आधी हे शीक.”