रिकामी तक्रारपेटी

सुमेधाची पाण्याची बाटली रोज भरलेलीच घरी येऊ लागली, तेव्हा तिला सांभाळणाऱ्या मालनआत्याला संशय आला. एवढ्या उन्हाळ्यात पोर दिवसभर पाणी पीत नाही म्हणजे काय? आत्याने गोडीने विचारलं, रागावून विचारलं. "माझी काही तक्रार नाही," एवढंच पोर म्हणे. मग एक दिवस मधल्या सुट्टीत आत्या शाळेच्या कुंपणापाशी जाऊन उभी राहिली. मुलींच्या संडासाच्या दारात चार दांडग्या पोरी वाट अडवून होत्या, आणि त्यांची म्होरकी होती संस्थेच्या अध्यक्षांची नात. सुमेधा लांबूनच मागे फिरली.

आत्याने ते भर पालकसभेत सांगितलं. अध्यक्ष शेजारीच बसलेले, त्यामुळे मुख्याध्यापक चिंचोरे सरांच्या मानेला जणू इस्त्रीच झाली. त्यांनी तक्रारपेटी मागवली, कुलूप काढून उलटी केली.

"बघा बाई, एक चिठ्ठी नाही! त्रास असता तर पोरी बोलल्या नसत्या?"

आत्याने कोरा कागद त्यांच्यापुढे सरकवला. "सर, अध्यक्षांबद्दल तुमची एखादी तक्रार असेलच की. लिहा, आणि त्यांच्यादेखत पेटीत टाका."

सर हसले. त्यांनी पेन उघडलं, अध्यक्षांकडे पाहिलं आणि पेन मिटलं.

"माझी... माझी काहीच तक्रार नाही."

"माझी पोरगीसुद्धा घरी हेच सांगते," आत्या म्हणाली.

मागच्या रांगेतून एक आई उठली. "माझीही."

तिच्यामागून तिसरी उठली, तेव्हा अध्यक्षांनीच घाम पुसत नातीला बोलावणं धाडलं.