रडू दे त्याले

"परत येईल ना ती, बाबा?"

दौलतशा फकीर जंगलाकाठच्या आपल्या झोपडीतून बाहेर आले. ते निशिकांतच्या जॅकेटकडे बघत होते. आत काहीतरी काळं, केसाळ वळवळत होतं आणि गळा काढून रडत होतं.

अस्वलाचं पिल्लू होतं ते.

निशिकांत धोटे म्हणजे जंगलाच्या फोटोंतलं मोठं नाव. वाघ झाले, बिबटे झाले. आईच्या पाठीवर बसून निघालेली अस्वलाची पिल्लं तेवढी राहिली होती. जंगलात बसावं कसं, हे तो बाबांच्याच पायाशी शिकला. पण अलीकडे आपल्याला सगळं येतं, असं त्याला वाटू लागलं होतं.

"झालं काय?"

"दोन्ही पिल्लं पाठीवर होती. मी थोडा पुढे सरकलो... पायाखाली सागाचं पान वाजलं. अस्वलीण उधळली आणि हे घसरून पडलं."

"मंग तू काय केलं?"

निशिकांत गळ्यातल्या कॅमेऱ्याचा पट्टा चाचपू लागला.

"बोल, लेका."

"फोटो काढले... मग उचललं."

बाबा रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी नुसतं पिल्लाच्या तोंडाकडे पाहिलं.

"बाबा, शेळीचं दूध आहे ना?"

"आहे."

"मग द्या ना! उपाशी आहे ते."

"पोट भरलं तं ते रडणार नाही. अन् रडलं नाही तं त्याच्या मायले आयकू कसं जाईल?"

निशिकांत ओशाळला. इतकी साधी गोष्ट... आणि ती आपल्याला सुचू नये!

दोघं डोंगराच्या कपारीकडे निघाले. पिल्लू जिथे पडलं होतं तिथे बाबा थांबले. वारुळाची माती घेऊन त्यांनी ती पिल्लाच्या अंगाला चोळली. माणसाचा वास जेवढा जाईल तेवढा जावा, नाहीतर आई जवळ यायची नाही. मग त्याला खाली ठेवलं.

पिल्लू जागचं हललं नाही. क्षणभरच. मग लुटूलुटू आलं आणि त्यानं निशिकांतचा बूट घट्ट धरला.

निशिकांतला पाय उचलवेना. बाबांनी वाकून एकेक नखी सोडवली.

"चाल आता."

मागून रडणं येत होतं. चार पावलं टाकली की निशिकांत मागे वळे. शेवटी एका खडकाशी तो बसलाच. गळ्यातला कॅमेरा काढून त्यानं बाबांच्या हातात दिला.

"हा घ्या. मला फोटो नको, काही नको. इथून नुसती राखण करतो. बिबट्या आला तर...?"

बाबांनाही ते रडणं ऐकवत नव्हतं. त्यांनी निशिकांतच्या पाठीवर हात ठेवला.

"लेका, तू राखण करशील तवर ते पोरकंच."