नारिंगी तंतू

"मग पीस हवंच कशाला, बाई?"

इंद्रजितने विचारलं. त्याने बांधलेली माशी यमूताई ढवळीकरांनी चष्म्याजवळ धरली होती.

माशी म्हणजे गळावर बांधलेलं किड्याचं सोंग. धरणाखालच्या डोहातल्या खडस माशाला ते पाण्यात जिवंत वाटलं पाहिजे. कोंबड्याच्या नाहीतर बदकाच्या पिसांनी अशा माश्या बांधण्यात आणि बांधायला शिकवण्यात बाईंची हयात गेली होती. इंद्रजित थोपटे त्यांचा सगळ्यात हुशार शिष्य. ते त्यालाही ठाऊक होतं.

आता त्याला पुण्यात स्वतःचा वर्ग काढायचा होता. बाईंनी तोंडाने 'हो' म्हणावं, एवढ्यासाठी तो आला होता.

"पिसाला कसर लागते," तो म्हणाला. "उन्हात रंग विटतो. मासा चावला की विस्कटतं. हा कृत्रिम तंतू बघा. पाण्यात कुजत नाही, किडा शिवत नाही. फक्त गुळगुळीत फार. सरळ बांधला तर दोऱ्यातून निसटतो. म्हणून मी मधोमध बांधतो, दुमडतो आणि वरून पुन्हा वेढे देतो. ओढून बघा ना."

बाईंनी ओढून पाहिलं. एक तंतूही हलला नाही.

"माझ्याहून सुबक आहे," त्या म्हणाल्या.

हे ऐकायला तो किती वर्षं थांबला होता! त्याने टेबलावरच्या चिमट्यात दुसरा गळ अडकवला, भराभर बांधला, जास्तीचे तंतू कात्रीने छाटले आणि महिनाभर याच टेबलावर सराव करताना लागलेल्या सवयीने फुंकर मारून खिडकीबाहेर उडवले.

"मग… करू वर्ग सुरू?"

बाईंचं लक्षच नव्हतं. बाहेर एक पाखरू केव्हापासून चिरचिरत होतं. त्या कान देऊन ऐकत होत्या. ऐकता ऐकता उठल्या आणि बाहेर गेल्या.

इंद्रजित जरा घुश्शातच मागोमाग गेला.

खिडकीखालच्या कण्हेरीला शिंजिराचं घरटं लोंबत होतं. त्याच्या तोंडाशी एक पिल्लू एका पायावर उलटं लटकलं होतं. फडफडायचं, थकायचं, गप्प व्हायचं. मादी चोचीत कोळी धरून भोवती घिरट्या घालत होती.

इंद्रजितने वाकून पाहिलं. घरट्यात गवत होतं, कोळ्याची जाळी होती, सावरीचा कापूस होता. आणि त्यातून ओवलेला, पिल्लाच्या पायाभोवती आवळलेला… नारिंगी तंतू. तांबूस झाक असलेला. ही झाक त्याने स्वतः दोन रंग मिसळून साधली होती. दुसऱ्या कुणाकडे ती नव्हती.

तो वळला. बाई त्याच्याकडेच बघत होत्या.

"कात्री…" तो पुटपुटला.

तो आत धावला आणि कात्री, सुई घेऊन आला. पण पाय सुजला होता, तंतू कातडीत रुतला होता. कात्रीचं टोक शिरेना.

"बाई, तुम्ही करता? माझ्याकडून इजा होईल."

बाईंनी आपला उजवा हात पुढे धरला. तो थरथरत होता.

इंद्रजितने पिल्लू तळहातावर घेतलं. घरट्याकडचे धागे कापले. मग सुईच्या टोकाने पायावरचा एक वेढा उचलला, उलटा फिरवला. निसटला. पुन्हा उचलला… दोऱ्यात काही केल्या न ठरणारा हा तंतू इथे सुटता सुटत नव्हता. डोळे मिटून माश्या बांधणाऱ्या इंद्रजितच्या भुवयांवरून घाम ठिबकू लागला. अंगठ्याखाली पिल्लाचं काळीज धडधडत होतं.

"सावकाश," बाई म्हणाल्या.

शेवटचा वेढा सुटला तेव्हा कण्हेरीची सावली पायऱ्यांपर्यंत आली होती. पिल्लाचं एक बोट काळं पडलं होतं. बाकीच्या बोटांनी मात्र त्याने इंद्रजितचं बोट घट्ट धरलं.

त्याने पिल्लू अलगद घरट्यात सरकवलं. दोघं मागे ओट्यावर येऊन बसले.

मादी आली. गेली. पुन्हा आली… आणि घरट्याच्या तोंडाशी बिलगली.

"जगेल ना, बाई?"

"कळेल."

वर्गाचं विचारायचं इंद्रजितच्या मनातून निघूनच गेलं होतं. त्याने मूठ उघडली. आत तंतूंची गुंतवळ होती. किती दिवस उन्हात, दवात राहिली होती कोण जाणे. रंग तसाच होता. चमकही तशीच.

"हे जाळून टाकू?"

बाईंनी नकारार्थी मान हलवली.

"पुरू कुठेतरी?"

त्यांनी पुन्हा तशीच मान हलवली.

"मग नदीत…" म्हणता म्हणता तो थांबला. डोह समोरच होता.

बाईंनी आपल्या हातांनी त्याची बोटं त्या गुंतवळीवर एकेक करून मिटवली.

"तुझं आहे," त्या म्हणाल्या. "सांभाळ."