उजवीकडचा श्वास

"हात तर बरोबर पडतोय ना, तात्या? मग घोडं पेंड खातंय कुठे?"

अभिराम रानडे गुडघाभर पाण्यात निथळत उभा होता. पुण्याचा माणूस, विचारायला आला तरी आधी सांगूनच घेणार. जलतरण तलावातली पदकं, मनगटावरच्या घड्याळातले आकडे, सगळं सांगून झालं होतं.

ट्रायथलॉनमधली सायकल आणि धावणं त्याला हातचा मळ. पण त्याआधी समुद्रात पोहायचं, तेही ठरल्या वेळेत, आणि तिथेच त्याला दोनदा बाद केलं होतं. रविवारी तिसरी खेप. ही शर्यत पुरी करीन, असं त्याने धाकट्या भावाला, हेरंबला, कबूल केलं होतं.

वेंगुर्ल्याचे जुने होडीवाले जिवाजी कुबल, सगळ्यांचे तात्या, तीन दिवस त्याचं पोहणं नुसतं बघत होते.

"दर खेपेक तू उजव्या अंगाक सरकतंस," तात्या म्हणाले.

प्रवाहामुळे असेल, असं अभिरामचं म्हणणं पडलं.

"प्रवाह डाव्या अंगाक ओढता."

मग त्यांनी डावीकडून श्वास घ्यायला सांगितलं. एवढंच ना, म्हणत अभिराम तात्यांच्या होडीबरोबर खोल पाण्यात गेला. चार हात मारले आणि मान आपसूक उजवीकडे वळली. पुन्हा तेच. दहाव्यांदाही तेच. शेवटी तो होडीची कड धरून लोंबकळत राहिला.

"उजव्या अंगाक कोण आसा रे?"

"हेरंब," तो म्हणाला. "चौदा वर्षं माझ्या उजवीकडच्या लेनमध्ये पोहायचा. श्वासाला मान वळवली की त्याचं तोंड दिसायचं. गेल्या आषाढात तापाने गेला... आता दिसत नाही. तरी वळवतो."

भावाची त्याला फार आठवण यायची. हे त्याने आजवर कोणाला सांगितलं नव्हतं.

तात्यांनी वल्हं आत घेतलं.

"डावीकडे वळलो, तर तो एकटा पडेल, तात्या."

दूर शर्यतीच्या वाटेवरचा खुणेचा नारिंगी फुगा लाटांवर हलत होता. तात्यांनी तिकडे बोट केलं.

"हेरंबाक खंय जावचा होता?"

"तिथेच. तिथून पुढे, शेवटपर्यंत."

"मगे तेका भलत्याच वाटेन कित्याक नेतंस?"