एका श्वासातली हाक

वसईच्या एका हिरव्यागार वाडीत, केळी आणि सोनचाफ्याच्या मधोमध एक चिमुकलं कौलारू घर होतं. घर चिमुकलं, आणि मुलं किती? नऊ! पास्कू, सिसिल, बस्त्याव, इनास, मारू, जासू, डुमिंग, रोझू आणि टोनू. नुसतं ऐकूनच दम लागला ना? त्यांच्या आईला कधी लागायचा नाही.

आईचं नाव नातालबाय. पहाटे देवळात मिस्साची प्रार्थना, मग नऊ डोक्यांना तेल, नऊ जणांच्या भाकऱ्या, नऊ जणांची भांडणं. दुसऱ्या कुणाच्या नाकी नऊ आले असते! तिकडं चर्चला देऊळच म्हणतात बरं का. तर रोज देवळाची संध्याकाळची घंटा व्हायच्या जरा आधी नातालबाय बावखलाच्या काठावर येऊन उभी राहायची. बावखल म्हणजे वाडीतलं गोड्या पाण्याचं तळं. तिथं ती कमरेवर हात ठेवायची, पोट भरून श्वास घ्यायची आणि मोठ्या मुलापासून धाकट्यापर्यंत सगळ्यांना एका दमात हाक मारायची. हाकेच्या शेवटी शेजारणीचंही नाव असायचं, "आणि कातरिन आजी, जेवायला या!"

कातरिन आजी एकटी राहायची आणि भारी तिरसट होती. चेंडू कुंपणापलीकडे गेला की गेलाच म्हणून समजा. ती जेवायला कधीच आली नाही. मग नातालबाय झाकलेलं ताट तिच्याकडे पाठवायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तिला हाक मारायची. हाक आली की मुलं झाडांवरून, पाण्यातून, गवताच्या गंजीमागून धावत सुटायची. मग आधी रोजरी, म्हणजे माळेवरची प्रार्थना, आणि मग जेवण.

आणि एक दिवस नातालबाय आजारी पडली आणि देवाघरी गेली. घर अगदी सुनं झालं हो. बाबा बिचारे पहाटे भाजीच्या टोपल्या घेऊन निघायचे ते अंधार पडल्यावर परत यायचे. पास्कूच्या सायकलची टायरं झिजून गुळगुळीत झाली. मारूच्या चपलांना चार ठिकाणी दोरा होता. धाकट्या टोनूचा खोकला काही जाईना. सिसिल शहरात शिवणकामाला जायची, म्हणून चूल आली दहा वर्षांच्या जासूकडे. ती भात शिजवायची, सुक्या बोंबलाचं कालवण करायची आणि दारातून एकेकाला हळूच बोलवायची. पण तिचा आवाज निघायचा चिमणीएवढा, आणि तोही रडवेला. कुणी यायचं, कुणी नाही. जो तो भूक लागली की येऊन भांड्यातलं खाऊन जायचा. रोजरी राहिली, आजीचं ताटही राहिलं.

असं करता करता वर्ष झालं. उद्या आईसाठी देवळात वर्षाची मिस्सा होती. त्या संध्याकाळी टोनूनं जासूचा फ्रॉक ओढला आणि विचारलं, आई हाक मारायची ती कशी होती? जासू सांगायला गेली, आणि मध्येच थांबली. आईचा चेहरा आठवत होता, हात आठवत होते, केसांतला सोनचाफा आठवत होता. आवाज मात्र आठवेना! कुणाला सांगणार? ती उठली आणि थेट बावखलाकडे पळाली.

ऊन उतरलं होतं. पाणी सोनेरी झालं होतं, त्यावर निळे-तांबडे चतुर भिरभिरत होते. आणि काठावरची एक केळ घडाच्या ओझ्यानं पार वाकली होती. घडाखालचं जांभळं केळफूल पाण्याला टेकायला आलं होतं. जासूच्या डोळ्यांत पाणी होतं, तरी तिच्यानं ते बघवेना. बेचक्याचा एक बांबू पडला होता, तो तिनं ओढत आणला. एकदा घसरली, दोनदा घसरली, चिखलात बसली. पण शेवटी खांदा लावून तिनं केळीला टेकू दिलाच!

तोच केळफुलाची एक पाकळी हळूच उघडली. मग दुसरी. आत मोत्यासारख्या पिवळ्या फुलांची रांग, आणि त्या रांगेत बसलेली एक इवलीशी परी! जांभळं लुगडं, केसांत पिवळं फूल, चतुराचे लखलखते पंख. जासूचा आ वासलेलाच राहिला.

परी म्हणाली, "माझं घर बुडता बुडता वाचवलंस, बाय. माग काय हवं ते."

जासूनं क्षणभरसुद्धा विचार केला नाही. तिला आई हवी होती.

परीचे पंख जरा मिटले. देवाघरी गेलेलं माणूस आणणं माझ्या हातात नाही, ती प्रेमानं म्हणाली, पण तुझी दुसरी नड मला कळते आहे. आणि तिनं आपला नियम समजावून सांगितला. जासूनं एकच श्वास घ्यायचा. त्या एका श्वासात ती जितकी नावं घेईल, तितक्या माणसांची नड भागेल. जासूनं स्वतःचं नाव घेतलं, तर तिला आईची हाक एकदा ऐकायला मिळेल. पण श्वास तुटला की संपलं. दुसरी खेप नाही, आणि देवळाची घंटा झाली की परीही नाही.

आता आली का पंचाईत! जासू विचारात पडली. आपलंच नाव आधी घ्यावं का? एक शब्द, की आई ऐकू येणार! पण मग टोनूपर्यंत दम पुरला नाही तर? आणि टोनूचा खोकला? तिनं मनाशी ठरवलं, आधी सगळी भावंडं, मग शेवटी आपण.

ती काठावर उभी राहिली. हात आपोआप कमरेवर गेले. तिनं पोट भरून, अगदी पाठीपर्यंत श्वास घेतला आणि हाक मारली,

"पास्कू-सिसिल-बस्त्याव-इनास-मारू..."

अहाहा, काय सांगू! एकेका नावासरशी केळफुलातून एकेक ठिणगी उडाली. हिरवी, गुलाबी, निळी, केशरी, रुपेरी! झाडांवरून झुईं करत त्या घराकडे निघाल्या.

"...डुमिंग-रोझू-टोनू..."

पिवळीधमक ठिणगी टोनूकडे गेली. जासूचा चेहरा लाल झाला, कानांत गुणगुण सुरू झाली. छातीत आता जेमतेम एका नावापुरता श्वास उरला होता. ती स्वतःचं नाव घेणार, तेवढ्यात तिला कुंपणापलीकडे कातरिन आजी दिसली. आजी पायरीवर एकटीच बसली होती, मांडीवर रिकामं ताट घेऊन. जासूच्या ओठांवर आलेलं आपलं नाव मागे फिरलं.

"...आणि कातरिन आजी, जेवायला या!"

श्वास संपला. पांढरीशुभ्र ठिणगी कुंपणावरून उडाली. जासू मट्‌कन खाली बसली. तिला फार, फार वाईट वाटलं. पण आपण केलं ते चुकलं, असं काही वाटेना.

इतक्यात वाडीतून धाडधाड पावलं वाजली. पास्कू धावत आला, त्याच्यामागं मारू कोऱ्या करकरीत लाल चपलांत, मग बस्त्याव, इनास, डुमिंग, रोझू. सिसिल तर नुकतीच बसमधून उतरली होती, ती रस्त्यावरून पिशवीसकट पळत आली. सगळ्यात शेवटी टोनू, आणि तो खोकत नव्हता! येता येता कुणी ठेचकाळलं होतं, कुणाच्या हातात अर्धी भाकरी तशीच होती. सगळे काठावर येऊन थबकले आणि इकडेतिकडे बघायला लागले. एवढा थोराड पास्कू, पण तोही केळींमागं डोकावून आला.

तो म्हणाला, "आईनं हाक मारली. मी ऐकली."

सगळ्यांनीच ऐकली होती. जासू गोंधळली. तिनं हळूच सांगितलं, "हाक मीच मारली रे."

मग कुंपणाचं फाटक करकरलं आणि कातरिन आजी रिकामं ताट घेऊन आत आली. आयुष्यात पहिल्यांदा! आजी म्हणाली, वर्ष झालं, मला कुणी हाक मारली नव्हती. आज नातालचा आवाज ऐकला आणि पाय आपोआपच उठले.

जासूनं केळफुलाकडे पाहिलं. परी पाकळीच्या टोकावर उभी राहून खुदुखुदु हसत होती. ती फक्त जासूलाच दिसत होती.

"आईचा आवाज तू आणलास ना?" जासूनं अगदी हळू आवाजात विचारलं.

"नाही गं बाय. माझ्याकडे ठिणग्या असतात, आवाज नसतात. तो तुझ्या पोटातून आला. तू एकेकाला हळूच बोलवत होतीस, म्हणून तुला सापडत नव्हता."

तेवढ्यात देवळाची घंटा झाली, ठण, ठण, ठण! परीनं पंख पसरले आणि प्रकाशाचा असा लोट उठला की बावखल, केळी, नऊ मुलं आणि आजी सगळी क्षणभर सोन्याची होऊन गेली. मुलांना वाटलं, सूर्य बुडता बुडता एकदा चमकला असेल. केळफूल पुन्हा मिटलं होतं.

टोनू जासूला बिलगला. तो म्हणाला, पुन्हा मार ना हाक, आता मी नीट ऐकतो.

जासू उठली. कमरेवर हात ठेवले, श्वास घेतला. पास्कूपासून सुरुवात केली, आणि या खेपेला एकही नाव गाळलं नाही. मारूच्या नंतर, आई घ्यायची तिथंच, तिनं स्वतःचंही नाव घेतलं. "जासू!" बावखलाच्या पाण्यावरून ते नाव परत आलं, आणि जासूला आई ऐकू आली. अगदी स्पष्ट. जशीच्या तशी.

"आले गं आई," तिच्या तोंडून निघून गेलं. मग ती हसली, मग रडली, आणि मग सगळ्यांच्या पुढे घराकडे पळत सुटली, कारण बाबांसकट अकरा जणांना भात पुरवायचा होता.

झाली बरं का गोष्ट! आता तुमच्याही घरून हाक येईल. पहिल्या हाकेला उठा. आईला उगाच दुसरा श्वास घ्यायला लावू नका.